पिकाचा फेरपालट गेला, पाण्याचा हिशेब बिघडला

मे महिन्यात नळाची धार बारीक झाली की सातपूरच्या चहाच्या टपरीवर एक ठरलेलं भांडण सुरू होतं. त्र्यंबक रस्त्यावरच्या कंपन्यांची पहिली पाळी सुटलेली असते. कुणीतरी म्हणतं, गंगापूर धरण तर भरलं होतं ना, मग पाणी गेलं कुठं? दुसऱ्याचं उत्तर तयार असतं, द्राक्षवाल्यांनी प्यायलं. घोळक्यात निफाडकडचा एखादा असतोच. तो चिडतो आणि म्हणतो, "आधी तुझ्या कंपनीला किती लागतं ते सांग." तेवढ्यात तिसरा मराठवाड्याचं नाव काढतो. चहा संपतो, भांडण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तहकूब होतं.

मी हे भांडण पंचवीसेक वर्षं ऐकतो आहे. त्यात 'कुणी प्यायलं' एवढाच प्रश्न असतो. कोणत्या पिकानं, वर्षाच्या कोणत्या महिन्यात प्यायलं आणि त्या शेतात त्याआधी काय होतं, हे विचारणारा मला अजून भेटलेला नाही. माझ्या मते पाण्याचा खरा हिशेब तिथेच बिघडला आहे. आणि हा बिघाड होण्याआधीची व्यवस्था आपल्याच जिल्ह्यात होती. आमच्या घरातल्या दोन पिढ्या तिच्यावर जगल्या.

आमचं मूळ गाव बागलाणात, मोसम नदीच्या काठी. अब्बा नोकरीसाठी सातपूरला आले ते एमआयडीसी नवी असताना. पण दादांची शेती गावाकडे होती आणि ती फडावरची होती. ज्यांना 'फड' म्हटलं की तमाशाचा किंवा कुस्तीचाच आठवतो त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पांझरा, मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर नाशिक-धुळे भागात तीनेकशे वर्षांपासून दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो, उतारानं शेतात जातो आणि वापरून उरलेलं पाणी सांडव्यानं परत नदीला मिळतं. बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या क्षेत्राला थळ म्हणतात. या थळाचे तीन-चार मोठे तुकडे केलेले असतात, तेच फड.

खरी गंमत पुढे आहे. एका फडात एकच पीक. आमच्या गावी एका फडात ऊस असेल तर दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात खरिपाचं काही आणि चौथा पडीक. पुढच्या वर्षी पिकं सरकायची. ऊस कुठे लावायचा आणि रान कुठलं मोकळं सोडायचं, हे गाव बसून ठरवायचं. एकट्या शेतकऱ्याच्या हातात तो निर्णय नव्हता. प्रत्येक घराची पट्टी प्रत्येक फडात असायची. आमचीही होती, माळ्यांची होती, पाटलांचीही होती. पाऊस कमी झाला की गाव एक किंवा दोन फडांचं पाणी तोडायचं. पण प्रत्येकाची जमीन सगळ्याच फडांत असल्यामुळे तोटा सगळ्यांना सारखा व्हायचा. वरच्याचं भिजलं आणि टेलच्याचं वाळलं, असं होण्याची सोयच नव्हती. पाणी द्यायला पाटकरी असायचा. मालकानं स्वतः बारं फोडायचं नाही, मग तो कितीही मोठा असो. दादा सांगायचे, पाटाकडे बोट दाखवायचा हक्क होता, हात लावायचा नव्हता.

लहानपणी मला ही जबरदस्ती वाटायची. आपल्या रानात काय लावायचं ते गावानं का सांगावं? आज वाटतं, पाण्याचं आणि पिकाचं वेळापत्रक एकच असलं पाहिजे ही साधी गोष्ट त्या लोकांना कळली होती. कालव्याच्या पाण्याला आपण आवर्तन म्हणतो आणि पिकांच्या बदलाला फेरपालट. फडात या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

स्पेनमध्ये वालेन्सियाला अशीच एक व्यवस्था अजून चालू आहे. मुस्लिम राजवटीपासून चालत आलेले पाट, त्यांना आजही अरबी 'साकिया'वरून आलेलं 'असेकिया' हेच नाव, आणि पाण्याचे तंटे सोडवायला शेतकऱ्यांनीच निवडलेले पंच. दर गुरुवारी दुपारी ते शहरातल्या मोठ्या चर्चच्या दारात बसतात आणि तोंडी निवाडा देतात. 2009 मध्ये युनेस्कोनं या पंचायतीला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आपल्या पाटकऱ्याची दखल कुणी घेतली नाही, त्याची खंतही आता जुनी झाली.

फेरपालटाचा आणि पाण्याचा संबंध फक्त वाटपापुरता नाही, तो मातीत आहे. आपल्या शेतकऱ्याकडे त्यासाठी एक नेमका शब्द आहे, बेवड. आधीच्या पिकानं रान कसं सोडलं, ते म्हणजे बेवड. हरभऱ्याचा बेवड गव्हाला चांगला, हे कृषी विद्यापीठाच्या आधीपासून लोकांना माहीत होतं. हरभरा जमिनीत नत्र सोडतो, त्याचा पाला गळून रानातच कुजतो. तुरीची मुळं खोल जातात आणि मागे वाटा ठेवतात, पावसाचं पाणी त्या वाटांनी खाली उतरतं. सेंद्रिय अंश असलेल्या जमिनीत ओल जास्त दिवस टिकते. अशा रानात वाफसाही लवकर येतो आणि दोन पाण्यांमधलं अंतर वाढवता येतं.

शिवाय प्रत्येक पिकाची तहान वेगळी. हरभरा काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर आणि एक-दोन पाण्यांवर निघतो, सगळं मिळून साधारण 250 ते 300 मिलिमीटर. गव्हाला 400-450 लागतं. उसाला दोन हजारांच्या पुढे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे 10 हजार लिटर, यावरून गुणाकार ज्यानं त्यानं करावा. बाजरी पावसावर येते आणि वर पाणी मागत नाही. म्हणजे चार वर्षांत एकदाच ऊस आणि बाकी वर्षं बाजरी, हरभरा, गहू असं चक्र असेल तर जमिनीला विश्रांती मिळते आणि विहिरीलाही. दरवर्षी उन्हाळ्यात बरंचसं रान मोकळं असायचं. त्या दोन-अडीच महिन्यांत विहिरीवर मोट फारशी चालत नसे, चालली तर जनावरांसाठी.

द्राक्षानं ही सुट्टी संपवली. मी द्राक्षाच्या विरोधात नाही. नाशिक जिल्ह्यात पक्की घरं, मुलांची इंजिनिअरिंगची शिक्षणं आणि कित्येक बागवानांचे धंदे या वेलानं उभे केलेत. आमच्या नात्यातल्याही दोन घरांची चूल द्राक्षाच्या पेट्यांवर पेटते. पण द्राक्षबाग दहा-पंधरा वर्षं जागची हलत नाही. तिची वर्षाला दोनदा छाटणी होते. ऑक्टोबरातली गोडी छाटणी फळासाठी आणि एप्रिलमधली खरड छाटणी पुढच्या वर्षीच्या काड्यांसाठी. खरड छाटणीनंतर महिना-दीड महिना नवे फुटवे जोमानं यायला पाणी लागतंच. आणि ते महिने कोणते? एप्रिल आणि मे. धरण तळाला, विहीर तळाला, ऊन डोक्यावर. ज्या दिवसांत आपल्याकडची शेती पूर्वी झोपायची, नेमक्या त्याच दिवसांत बाग सगळ्यात तहानलेली असते. डाळिंबाची आणि उसाची गोष्ट थोड्याफार फरकानं हीच.

आता यात उष्णता मिसळा. 1901 ते 2018 या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे 0.7 अंशांनी वाढलं, असं केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाचा 2020 चा अहवाल सांगतो. आकडा लहान वाटतो. पण हवा एका अंशानं तापली की तिची वाफ धरून ठेवण्याची ताकद साधारण सात टक्क्यांनी वाढते. अशी हवा पानातून आणि मातीतून पाणी ओढते. पिकाची तहान बरोबर सात टक्क्यांनीच वाढते असं नाही, वारा आणि दमटपणाही हिशेबात येतात. पण दिशा तीच.

इथे हंगामी पीक आणि बाग यांच्यातला एक फरक फारसा बोलला जात नाही. गहू तापला की लवकर पिकतो. त्याचे दिवस कमी होतात, त्यामुळे एकूण पाणी फार वाढत नाही. पण दाणा बारीक राहतो. 2022 चा मार्च 1901 नंतरचा देशातला सगळ्यात उष्ण मार्च होता. उत्तरेत गव्हाचा उतारा पडला आणि मे महिन्यात सरकारला गव्हाची निर्यात बंद करावी लागली. म्हणजे हंगामी पीक उष्णतेची किंमत धान्यात मोजतं. बागेला लवकर पिकून मोकळं होण्याची वाट नाही. ती बाराही महिने जमिनीत उभी असते आणि तापमान वाढेल तसं पाणी मागत राहते. शेतकऱ्यापुढे दोनच पर्याय उरतात, आणखी पाणी द्या किंवा बाग सोडा. लाखो रुपयांचे अँगल आणि तारा उभ्या केलेला माणूस कोणता पर्याय घेईल, हे सांगायला कृषितज्ज्ञ लागत नाही.

पाऊसही बदलला आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिलं की मध्य भारतात 1950 ते 2015 या काळात मोठ्या पट्ट्यावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिप्पट झाल्या. कमी दिवसांत जास्त पडलेलं पाणी वाहून जातं, मुरत नाही. आणि नको तेव्हा येतं ते वेगळंच. 2023 च्या नोव्हेंबरअखेर निफाड भागात गारपिटीनं बागा झोडपल्या. फळ घडात होतं. हंगामी पीक गेलं तर एक हंगाम जातो, बाग गेली तर वर्षाचं कर्ज अंगावर राहतं.

यावर आपल्याकडचं सरकारी औषध ठरलेलं आहे, ठिबक आणि शेततळं. ठिबकनं पाणी वाचतं हे खरं, पण ते शेतात वाचतं, नदीत नाही. मोकाट पाण्यानं एक एकर भिजवणारा ठिबक लावून दोन एकर बाग करतो. पूर्वी पाटातून झिरपून शेजाऱ्याच्या विहिरीत जाणारं पाणीही आता पिकाच्या अंगाला लागतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं 2017 मध्ये अनेक देशांची उदाहरणं तपासली, त्यातून हेच निघालं की पाण्याच्या वापरावर मर्यादा नसेल तर सुधारित सिंचनानं एकूण वापर घटत नाही, बऱ्याचदा वाढतो. आणि शेततळं? ज्या शेततळ्यात पावसाचं वाहतं पाणी येतं ते चांगलंच. पण आपल्याकडच्या प्लास्टिक अंथरलेल्या कितीतरी तळ्यांमध्ये हिवाळ्यात विहिरीचं पाणी उपसून भरलं जातं. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी आपण वर काढून उन्हात ठेवतो. 30 बाय 30 मीटरच्या तळ्यातून मे महिन्यात दिवसाला सात मिलिमीटर उडालं तरी सहा हजार लिटर होतात. एक छोटा टँकर रोज आकाशाला.

आमच्या फडाचं काय झालं ते सांगतो. नदीवर वरच्या अंगाला धरण झालं, विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या आणि बंधाऱ्याची गरज ज्याला त्याला कमी वाटू लागली. दादांच्या वाट्याची जमीन चुलतभाऊ करतो. त्यानं आधी डाळिंब लावलं, शेजाऱ्यांनीही लावलं. एकाच पिकाचा सलग पट्टा झाला, मग तेल्या रोग आला आणि एका बागेतून दुसरीत गेला. झाडं उपटून जाळावी लागली. त्यानंतर त्यानं अर्ली द्राक्ष धरलं. मी त्याला एकदा म्हणालो, एखादं वर्ष हरभरा, बाजरी करून बघ की, रान सुधारेल. तो हसला. "भाईजान, हरभऱ्यानं बँकेचा हप्ता फिटला असता तर मी वेल लावलाच नसता."

त्याचं चूक नाही. मला हे मुद्दाम लिहायचं आहे, कारण शहरात बसून शेतकऱ्याला पीक शिकवणारे लेख मीही खूप वाचलेत. हरभऱ्याला हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्र उघडेपर्यंत माल व्यापाऱ्याच्या गोदामात गेलेला असतो. बाजरीची तीच गत. पाणी वाचवणाऱ्या पिकाला भाव नाही आणि पाणी पिणाऱ्या पिकाला अनुदानावर ठिबक, तळं, वीज सगळं आहे. मग फेरपालट कुणी आणि कशासाठी करायचा?

यावर एक गंभीर उत्तर आपल्याच जिल्ह्यातून आलेलं आहे. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्रानं बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकारानं 1990 च्या आसपास वाघाड धरणाच्या टेलच्या शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. त्यांचं तत्त्व असं की सरकारनं पीक सांगू नये, पाणी मोजून द्यावं. एवढे घनमीटर तुमचे, त्यात काय पिकवायचं ते तुम्ही बघा. कालव्याच्या शेवटी जिथे पाणी पोचत नव्हतं तिथे ते पोचलं. 2005 च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यानं हाच विचार राज्यभर नेला. मी या कामाचा आदर करतो. तरी माझा एक आक्षेप आहे. मोजलं जातं ते कालव्याचं पाणी. त्याच शेतातल्या विहिरीचं आणि बोअरचं पाणी मोजायला कुणी बसत नाही. बागेची उन्हाळ्यातली तहान तर बहुतेक तिथूनच भागते. म्हणून नुसता घनमीटरचा कोटा पुरत नाही, उन्हाळ्यात किती क्षेत्र हिरवं राहील तेही ठरावं लागेल. आणि ते गावानं ठरवावं लागेल, मंत्रालयानं नाही.

हे काही नवं नाही. तरुण विश्वेश्वरय्यांची मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यातली पहिली नेमणूक 1884 मध्ये नाशिकला झाली, पुढे ते खानदेशात पांझरेवर काम करत होते. नंतर त्यांनी नीरा कालव्यावर गट पद्धत आणली. एका गटात ठराविक हिस्सा ऊस, बाकी हंगामी पिकं, आणि उसाची जागा फिरती. त्यांनी फड पाहिले नसतील यावर माझा विश्वास बसत नाही. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यातही पाणलोट क्षेत्रनिहाय पाण्याचा हिशेब मांडून पीक आराखडा करायची तरतूद आहे. कागद तयार आहे, गावात तो उतरलेला मात्र क्वचितच दिसतो. हिवरेबाजारनं कायद्याची वाट न बघता पावसाळा संपल्यावर पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीची पिकं ठरवायला सुरुवात केली. ऊस नाही, सिंचनाला खोल बोअर नाही, हे गावानं स्वतःवर घालून घेतलं.

आपल्या परंपरेत पाण्याच्या वरच्या आणि खालच्या शेतकऱ्याचा वाद फार जुना आहे. मदिन्यात जुबैर यांची खजुराची बाग पाटाच्या वरच्या अंगाला होती आणि शेजारी अन्सारीची खाली. तंटा प्रेषितांपुढे आला तेव्हा पहिला सल्ला असा होता की तू भिजव आणि मग पाणी शेजाऱ्याकडे जाऊ दे. वरच्याचा हक्क आधी आहे, पण तो अडवून ठेवण्याचा नाही. उश्रचा नियमही मला या संदर्भात आठवतो. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा द्यायचा, कष्टानं पाणी ओढून काढलेल्याचा विसावा. म्हणजे कोणतं पीक कोणत्या पाण्यावर आलं, हा प्रश्न चौदाशे वर्षांपूर्वी हिशेबात होता. आज सात-बारावर पीक लिहिलं जातं, सिंचनाचं साधनही लिहिलं जातं, पण त्यावरून गावाच्या पाण्याची बेरीज कुणी करत नाही.

गोदावरीत नाशिक वर आहे आणि पैठण खाली. 2005 च्या जलसंपत्ती प्राधिकरण कायद्यानं खोऱ्यातल्या पाण्याचं समन्यायी वाटप सांगितलं. मेंढेगिरी समितीचं सूत्र आलं, 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचं. 2023 मध्ये 8.6 टीएमसीचा आदेश निघाला आणि आपल्याकडे आंदोलनं झाली. त्या आंदोलनात आमच्या टपरीवरचे काही लोकही होते. मी गेलो नाही. वरच्या अंगाला बारमाही बागा वाढवत राहायच्या आणि खालच्याला दुष्काळाच्या वर्षी पाणी मागू नको म्हणायचं, हे मला पटत नाही. पैठणच्या खाली उसाचे कारखाने आहेत हेही खरं. पण एकाची चूक दुसऱ्याच्या चुकीची पावती होत नाही.

मागच्या रमजान ईदला चुलतभाऊ सातपूरला आला होता. शीरखुर्मा खाता खाता पुन्हा हाच विषय निघाला. मी फडाचं बोललो. म्हणालो, गावातल्या वीस जणांनी मिळून ठरवा, दरवर्षी चौथा हिस्सा रान उन्हाळ्यात मोकळं ठेवायचं, आळीपाळीनं. त्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ज्याचं रान मोकळं राहील त्याला त्या वर्षी कोण काय देणार?" मी म्हटलं, ठिबक आणि शेततळ्यांवर जो पैसा सरकार घालतं त्यातला थोडा इथे वळवता येईल. आणि शहरानंही द्यावा. उन्हाळ्यात धरणात जे पाणी राहील ते आम्ही सातपूरवालेच पिणार आहोत, मग पाणीपट्टीत त्याचा वाटा का नको?

"तुमच्या टपरीवर विचार आधी," तो म्हणाला, "कितीजण द्यायला तयार आहेत ते."

मी विचारलं. आठ जण होते. दोघे तयार झाले. एकानं चहाचे पैसेही माझ्याच खात्यावर लिहायला सांगितले.